एक शनिवार, एक शहर

स्पेनमधल्या सालामांका शहरात स्पॅनिश शिकायला गेले, त्या पहिल्याच शनिवार-रविवारी आम्ही सहा मैत्रिणींनी तीन शहरं पालथी घातली : आविला, सेगोविया आणि माद्रिद. रविवारी रात्री परतलो तेव्हा मोबाइल फोटोंनी भरला होता आणि पायांचे तुकडे पडले होते. सोमवारी सकाळी वर्गात बाईंनी विचारलं, "शनिवारी-रविवारी काय केलंत?" माझी गाडी 'गेले, पाहिलं, खाल्लं' या तीन क्रियापदांपुढे सरकेना. दोन दिवस आम्ही आपापसांत हिंदी आणि इंग्रजीच बोलत होतो. दोन दिवसांत माझ्या तोंडून निघालेलं स्पॅनिश 'केवढ्याला?' आणि 'आभारी आहे' एवढंच होतं.

त्या सोमवारनंतर मी फिरण्याची रीत बदलली. आता मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दर वर्षी काही विद्यार्थी तीन महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी स्पेनला जातात आणि निघण्यापूर्वी विचारतात, "सुट्टीत कुठे कुठे जाऊ?" मी त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. सूत्र एका ओळीचं आहे : एका शनिवार-रविवारी एकच शहर, तिथे एक रात्र मुक्काम आणि जाताना सोबत भाषेचं एकच काम.

शाळेत विज्ञानाचा तास आणि प्रयोगशाळेतलं प्रॅक्टिकल वेगळं असायचं. परदेशात भाषा शिकताना सोमवार ते शुक्रवार तास असतो आणि शनिवार-रविवारी प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकल बुडवून परीक्षेत चांगले गुण मिळत नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

पहिला शनिवार आपल्याच गावात

या लेखात मी सालामांका डोळ्यांसमोर ठेवलं आहे. तुम्ही ग्रानादात किंवा वालेन्सियात शिकत असाल, तर गावांची नावं बदलतील, रीत तीच राहील.

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ साली लेओनचा राजा अल्फोन्सो नववा याने स्थापन केलं. आंतोनियो दे नेब्रिखा याने लिहिलेलं कास्तेलियानो भाषेचं, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचं, पहिलं छापील व्याकरण १४९२ साली याच शहरात प्रसिद्ध झालं. गोव्याशीही या विद्यापीठाचा धागा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सालामांका आणि आल्काला दे एनारेस इथे शिकला, १५३४ साली गोव्याला आला आणि भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. ज्या गल्ल्यांतून तुम्ही वर्गाला जाता, त्याच गल्ल्यांतून तोही कधीतरी गेला असेल.

म्हणून पहिल्या शनिवारी बसस्टँडकडे फिरकू नका. विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर दाट कोरीवकाम आहे आणि त्यात एका कवटीवर बसलेला बेडूक दडलेला आहे. तो ज्याला स्वतःच्या नजरेने सापडेल तो परीक्षेत पास होतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. शेजारच्या नव्या कॅथेड्रलच्या एका दारावर चक्क अंतराळवीर कोरलेला आहे. १९९२ सालच्या डागडुजीच्या वेळी कारागिरांनी तो घडवला. या दोन्ही गोष्टी फोनवर शोधू नका. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "दोंदे एस्ता ला राना?" (बेडूक कुठे आहे?) तो हात वर करून 'वर, उजवीकडे, खांबापाशी, नाही नाही, अजून वर' असं समजावत राहील. दिशा दाखवणाऱ्या शब्दांचा याहून चांगला पाठ पुस्तकात नाही.

संध्याकाळी प्लाथा मायोरमध्ये बसा. हा चौक १७२९ ते १७५५ या काळात बांधला गेला. मावळतीला तिथला वियामायोरचा दगड सोनेरी होतो आणि सगळं गाव, आजीआजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत, फेऱ्या मारायला बाहेर पडतं. या फेरफटक्याला 'पासेओ' म्हणतात. बाकीच्या गावांत मुक्काम करा असं मी का म्हणते, ते इथे एक संध्याकाळ बसलात की कळेल. दिवसा शहर पर्यटकांचं असतं. तिथल्या माणसांशी गाठ पडते ती संध्याकाळी.

शहर निवडताना

पहिल्या दोन महिन्यांसाठी तीन कसोट्या लावा. एका बाजूचा प्रवास दोन तासांहून कमी असावा. शहर पायी फिरता यावं. आणि तिथल्या दुकानदाराला इंग्रजीची सवय नसावी. तिसरी कसोटी सगळ्यांत महत्त्वाची. मोठ्या शहरात तुम्ही वाक्य जुळवत असताना समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीत वळतो आणि तुमचं वाक्य घशातच राहतं. लहान गावात त्याच्याकडे तो पर्याय नसतो. तो थांबतो, पुन्हा सांगतो, हातवारे करतो. त्या थांबण्यातच तुमची भाषा वाढते.

थामोरा : वाट विचारायला

सालामांकाहून उत्तरेला सुमारे ६५ किलोमीटरवर, बसने तासाभराच्या अंतरावर थामोरा आहे. गावाचं नावच उच्चाराचा पहिला धडा आहे. स्पेनच्या बहुतेक भागात 'झेड' हे अक्षर, आणि 'ई' किंवा 'आय'च्या आधी येणारं 'सी', जिभेचं टोक दातांमध्ये धरून म्हणतात. आपल्या 'थ'च्या जवळचा हा आवाज आहे, पण त्यात हवा घासत बाहेर जाते. लॅटिन अमेरिकेत तिथे सरळ 'स' म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. तुम्ही जिथे शिकता तिथला उच्चार उचला.

'त' आणि 'द'च्या बाबतीत मात्र आपण सुखी आहोत. स्पॅनिशमधले हे वर्ण आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'टोलेडो' म्हणू नका, मराठीच्या सवयीने 'तोलेदो' म्हणा.

थामोरात बाराव्या शतकाच्या आसपासच्या रोमनेस्क शैलीची वीसहून अधिक चर्चेस आहेत. कॅथेड्रलच्या घुमटावर माशाच्या खवल्यांसारखे दगड बसवले आहेत. खालून दुएरो नदी वाहते, ती पुढे पोर्तुगालमध्ये जाऊन पोर्तोजवळ समुद्राला मिळते. नदीकाठी जुन्या पाणचक्क्या आहेत. १०७२ साली राजा सांचो दुसरा याने हे गाव बहिणीकडून, उर्राकाकडून, हिसकावण्यासाठी वेढा घातला. वेढा महिनोन्महिने चालला आणि राजा तटाबाहेरच मारला गेला. त्यावरून स्पॅनिशमध्ये म्हण आली : थामोरा एका तासात जिंकलं गेलं नाही. भाषा शिकणाऱ्याने ही म्हण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

इथलं भाषेचं काम म्हणजे फोनवरचा नकाशा बंद ठेवून वाट विचारणं. "सिगा तोदो रेक्तो" म्हणजे सरळ जा. "खिरे आ ला देरेचा" म्हणजे उजवीकडे वळा. 'देरेचा' म्हणजे उजवी बाजू, पण 'तोदो देरेचो' म्हटलं की सरळ. शेवटच्या एका स्वराने तुम्ही भलत्याच गल्लीत पोचता आणि मग तो स्वर आयुष्यभर विसरत नाही. वयस्क माणसांशी बोलताना 'उस्तेद', म्हणजे आपलं अहो-जाहो, वापरा. तरुण माणसं मात्र अनोळखी व्यक्तीलाही सहज 'तू' म्हणतात. त्यात उर्मटपणा नाही, आपणही मोकळेपणाने 'तू' म्हणावं.

बेकरीत किंवा चीजच्या दुकानात शिरताना आधी "बुएनोस दियास" म्हणा. अनेक दुकानांत रांग दिसत नाही, माणसं विखरून उभी असतात. अशा वेळी विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" (शेवटचं कोण?) जो हात वर करेल त्याच्यानंतर तुमचा नंबर. हा एक प्रश्न विचारलात की दुकानातली सगळी माणसं तुमच्याकडे पाहुणी म्हणून पाहणं थांबवतात.

आविला : ऐकायला

आविला सालामांकाहून रेल्वेने तासा-सव्वातासाचं. भोवती अकराव्या-बाराव्या शतकातला, सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा, बुरुजांनी जडवलेला अखंड तट आहे आणि त्याच्या काही भागावरून चालता येतं. स्पेनच्या प्रांतीय राजधान्यांत हे सर्वांत उंचावरचं शहर, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून वर. या कास्तिया प्रदेशाच्या हवेबद्दल तिथे म्हणतात की नऊ महिने 'इन्विएर्नो' आणि तीन महिने 'इन्फिएर्नो', म्हणजे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारा कोट हवाच. पुण्यातल्या जानेवारीवर भरवसा ठेवू नका.

संत तेरेसा १५१५ साली इथे जन्मली. तिचा सण १५ ऑक्टोबरला असतो आणि त्या सुमाराला गाव गजबजलेलं असतं. तिच्या नावाने ओळखली जाणारी 'येमास', अंड्याच्या बलकाची आणि साखरेची गोल मिठाई, दुकानादुकानांत मिळते.

आविलाचं काम ऐकण्याचं. कास्तियातल्या काही मठांमध्ये जोगिणी मिठाई करून विकतात, पण समोर येत नाहीत. भिंतीत 'तोर्नो' नावाचं फिरतं लाकडी कपाट असतं. घंटा वाजवायची, आतून आवाज येतो, काय हवं ते सांगायचं, पैसे कपाटात ठेवायचे, कपाट फिरतं आणि मिठाई बाहेर येते. समोर चेहरा नाही, ओठ दिसत नाहीत, हातवारे नाहीत. फक्त आवाज. परीक्षेतल्या श्रवण चाचणीची अशी तयारी दुसरीकडे होणार नाही. आधी वाक्य मनात तयार ठेवा : काय हवं, किती हवं, किंमत किती. उत्तर कळलं नाही तर घाबरू नका. "मास देस्पाथियो, पोर फावोर" (जरा सावकाश) म्हणा. आतली व्यक्ती नक्की सावकाश सांगते.

सेगोविया : गोष्ट सांगायला

सेगोवियाला एक रात्र राहाच. सालामांकाहून माद्रिदकडे जाणाऱ्या काही गाड्या सेगोविया-गिओमार स्थानकावर थांबतात. हे स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर उघड्या माळावर आहे. उतरून पुढची बस पकडावी लागते, तेव्हा तिची वेळ आधीच पाहून ठेवा.

शहरात शिरताच रोमन जलवाहिनी दिसते. सुमारे २८ मीटर उंच, १६० हून अधिक कमानी आणि ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले. तिच्याबद्दल गावात एक दंतकथा सांगतात. रोज डोंगरावरून पाणी आणणाऱ्या एका मुलीने वैतागून सैतानाशी करार केला : पहाटेपूर्वी पाणी दारात आणलंस तर माझा आत्मा तुझा. सैतानाने रात्रभर कमानी रचल्या, पण शेवटचा एक दगड बसायच्या आत कोंबडा आरवला आणि मुलगी सुटली.

ही गोष्ट स्पॅनिशमधल्या दोन भूतकाळांसाठी सोन्यासारखी आहे. इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी इथे वर्षानुवर्षे अडखळतात. मराठी माणसाला हा फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. 'ती रोज पाणी आणायची' आणि 'त्या दिवशी तिने करार केला' यातला भेद आपण विचार न करता पाळतो. 'आणायची' म्हणजे 'त्राइआ', 'केला' म्हणजे 'इथो'. मनात आधी मराठीत गोष्ट सांगा. जिथे 'यची, यचा, यचे' येतं तिथे बहुतेक वेळा अपूर्ण भूतकाळ आणि जिथे 'केला, गेली, आरवला' येतं तिथे पूर्ण. मग रात्री जेवताना खाणावळीच्या मालकिणीला विचारा, "ही गोष्ट मी बरोबर सांगते का?" ती दुरुस्त करेल आणि स्वतःची आवृत्तीही सांगेल.

असाच आणखी एक फायदा. 'मला कॉफी आवडते' हे वाक्य स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं बसतं : 'मे गुस्ता एल काफे'. तिथेही कॉफी कर्ता आणि मी 'मला'. इंग्रजीमार्गे गेलात तर चुकाल. सरळ मराठीतून जा.

कवी आंतोनियो माचादो १९१९ ते १९३२ या काळात इथल्या शाळेत फ्रेंच शिकवत असे. तो ज्या साध्या खाणावळवजा घरात राहायचा, ते घर आता संग्रहालय आहे. एक परकी भाषा शिकवणारा कवी कसा राहत होता हे पाहायला तिथे अर्धा तास द्या.

तोलेदो, लेओन, माद्रिद : हात बसल्यावर

दोन-अडीच महिन्यांनी, वाक्यं जुळायला लागली की लांबचे पल्ले घ्या.

तोलेदोला माद्रिदवरून जावं लागतं. सालामांकाची गाडी माद्रिदच्या चामार्तीन स्थानकात येते आणि तोलेदोची गाडी आतोचा स्थानकातून सुटते. दोन्हींमध्ये लोकल धावते, पण बदलासाठी किमान तासभर हाताशी ठेवा. आतोचाहून तोलेदो जेमतेम अर्ध्या तासावर. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती विद्वानांनी इथे अरबी ग्रंथ लॅटिन आणि कास्तेलियानोत आणले. इथेच १२२१ साली जन्मलेल्या अल्फोन्सो दहाव्याने राजपुत्र असताना, १२५१ साली, 'कालिला ए दिम्ना' कास्तेलियानोत करवून घेतलं. हे आपलं पंचतंत्र. संस्कृतातून पहलवीत, पहलवीतून अरबीत आणि अरबीतून इथे. करटक आणि दमनक हे कोल्हे नावं बदलून स्पेनपर्यंत चालत गेले. तोलेदोचं काम म्हणून पंचतंत्रातली एक गोष्ट स्पॅनिशमध्ये तयार करून न्या आणि कुणाला तरी सांगा. 'ही आमच्याकडची गोष्ट, जवळपास आठशे वर्षांपूर्वी तुमच्याकडे आली' असं म्हटलंत की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो.

लेओन बसने अडीच तासांच्या आसपास. कॅथेड्रलच्या रंगीत काचा सकाळच्या उन्हात पाहा. संध्याकाळी 'बार्रियो उमेदो' या जुन्या वस्तीत जा. तिथे पेयाबरोबर छोटी बशीभर खाणं, 'तापा', फुकट मिळतं. दारू घेत नसाल तर 'मोस्तो', म्हणजे द्राक्षाचा रस, मागा. काउंटरपाशी उभं राहून दोन अनोळखी माणसांशी काय आवडतं, काय आवडत नाही यावर बोलणं हे इथलं काम.

माद्रिद मी शेवटी ठेवते, कारण तिथे इंग्रजीचा मोह मोठा. जाल तेव्हा रविवार सकाळी रास्त्रोच्या जुन्या बाजारात जा आणि एका वस्तूची घासाघीस पूर्ण स्पॅनिशमध्ये करा. पिशवी आणि पाकीट पुढे धरा, गर्दीत खिसेकापू असतात. प्रादो संग्रहालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ प्रवेश विनामूल्य असतो, मात्र निघण्यापूर्वी वेळा पडताळून घ्या. सगळं संग्रहालय पाहायचा हट्ट धरू नका. वेलास्केथचं १६५६ सालचं 'लास मेनिनास' हे एकच चित्र घ्या, समोर बसा आणि 'इथे कोण आहे, कुठे उभं आहे, काय करतंय' हे वहीत दहा वाक्यांत लिहा.

तिकीट, मुक्काम, कागदपत्रं

तिकीट बुधवारपर्यंत काढा. रविवार संध्याकाळच्या परतीच्या गाड्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. म्हणून परतीचं तिकीट आधी पाहा, जायचं नंतर. जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट, 'इदा इ वुएल्ता', अनेकदा स्वस्त पडतं. बसस्थानकावर 'दार्सेना' म्हणजे बस उभी राहण्याची जागा आणि रेल्वेत 'आंदेन' म्हणजे फलाट. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे-मागे होतात, त्या रविवारी परतीची वेळ दोनदा तपासा.

गाडीतल्या रिकाम्या जागा वाटून घेण्याची ॲप-सेवा स्पेनमध्ये विद्यार्थी सर्रास वापरतात. तिच्यात दोन तास गप्पा मिळतात, हा मोठा लाभ. मात्र चालकाबद्दलचे अभिप्राय वाचूनच जागा घ्या, गाडीची माहिती एका मैत्रिणीला पाठवून ठेवा आणि पहिल्यांदा दोघी मिळून जा.

मुक्कामासाठी 'ओस्ताल' शोधा. हे तरुणांचं सामायिक खोल्यांचं होस्टेल नव्हे, बहुधा एखादं कुटुंब चालवत असलेलं छोटं लॉज असतं. मालकीण किल्ली देताना चार गोष्टी सांगते, तुम्ही चार विचारता. स्वस्तही पडतं. मूळ पासपोर्ट किंवा परदेशी नागरिकांना मिळणारं स्पॅनिश ओळखपत्र जवळ हवंच, कारण खोली देताना नोंद करणं तिथे बंधनकारक आहे.

सहा महिन्यांहून अधिक काळासाठी गेला असाल, तर पोचल्यापासून महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. ते हातात येईपर्यंत स्पेनच्या हद्दीबाहेर जाण्याचे बेत तुमच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय आखू नका. पोर्तुगाल जवळ दिसतं, तिथलं घड्याळही एक तास मागे आहे, पण ती सहल अभ्यासक्रम संपल्यावर केलीत तरी चालेल. तिथे स्पॅनिश बोलायला मिळत नाही. विद्यार्थी ओळखपत्र मात्र सतत खिशात ठेवा, अनेक संग्रहालयांत त्यावर सवलत मिळते. आणीबाणीचा क्रमांक ११२.

वेळापत्रकाचंही भान ठेवा. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान लहान गावातली दुकानं बंद, रविवारी बरीचशी दिवसभर बंद, सोमवारी अनेक संग्रहालयं बंद. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सहाला भूक लागेल, पिशवीत काहीतरी ठेवा. गुरुवारी किंवा मंगळवारी सुट्टी आली की लोक मधला दिवस जोडून 'पुएन्ते', म्हणजे पूल, बांधतात. १२ ऑक्टोबर आणि ६ व ८ डिसेंबरच्या सुमाराला गाड्या आणि खोल्या महिनाभर आधीच घ्या.

शाकाहारी असाल तर

'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे आणि ट्युना मासा यांना कित्येक ठिकाणी मांसात मोजतच नाहीत. हिरव्या शेंगांच्या भाजीत हॅम, मसुराच्या आमटीत सॉसेज, 'मिक्स सॅलड'मध्ये ट्युना हे नेहमीचं. पूर्ण वाक्य पाठ करा : "सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून." अंडं खात असाल तर 'तोर्तिया दे पातातास', बटाट्याचं जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळतं. नाहीतर 'पान कोन तोमाते', 'पिमिएन्तोस दे पाद्रोन' या तळलेल्या हिरव्या मिरच्या, 'पातातास ब्रावास' आणि मेंढीच्या दुधाचं चीज. 'पान' म्हणजे पाव, 'पातातास' म्हणजे बटाटे. आपले 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आले आणि तिथे त्यांची चुलतभावंडं भेटतात.

स्वस्त ठरावीक जेवण, 'मेनू देल दिया', बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवसांपुरतंच असतं. शनिवार-रविवारी ते महाग असतं किंवा नसतंच. म्हणून शनिवारचं दुपारचं जेवण बाजारातून पाव, चीज, फळं घेऊन बागेत करा आणि वाचलेले पैसे रात्रीच्या तापासाठी ठेवा. नळाचं पाणी हॉटेलात विनामूल्य मागता येतं : "आग्वा देल ग्रिफो, पोर फावोर."

सोबत कोण

दोघी किंवा दोघे. तिघांपर्यंत ठीक. सहा जण म्हणजे सोबत एक छोटं पुणं घेऊन फिरणं. सोबतीला वेगळ्या भाषेची व्यक्ती असली तर उत्तम. वर्गातली जपानी किंवा ब्राझिलियन मैत्रीण घ्या, म्हणजे दोघींमध्ये बोलायची भाषा स्पॅनिशच उरते. मराठी मैत्रीण असेल, तर ठरवून घ्या की बस सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत स्पॅनिश आणि झोपण्यापूर्वी अर्धा तास मनसोक्त मराठी. तो अर्धा तास हवाच. परक्या देशात आपल्या भाषेतलं हसणं औषधासारखं असतं.

घरी रोज फोन करत असाल तर शनिवारी तो पासेओची वेळ टाळून करा.

सोमवार सकाळ

परतीच्या बसमध्ये वही काढा. दोन दिवसांत कानावर पडलेले पाच नवे शब्द, न जमलेलं एक वाक्य आणि कुणी सांगितलेली एक गोष्ट, एवढं लिहा. न जमलेलं वाक्य सोमवारी बाईंना विचारा. कुटुंबाकडे राहत असाल तर रविवारी रात्रीच्या जेवणात आधी तिथे सांगा. तुमच्या चुका तिथे प्रेमाने दुरुस्त होतात.

माझ्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात मी थामोराला दुसऱ्यांदा गेले. चीजच्या दुकानातल्या बाईंनी मला ओळखलं, पहिल्या खेपेला मी गावाचं नाव चुकीचं म्हटलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मान डोलावली आणि मग गिऱ्हाईक नसलेल्या त्या दुपारी त्यांच्या आजोबांच्या मेंढ्यांबद्दल, दुष्काळाच्या एका वर्षाबद्दल आणि माद्रिदला गेलेल्या मुलाबद्दल सांगत राहिल्या. मी मध्येमध्ये विचारत होते. सोमवारी वर्गात प्रश्न आला, "शनिवारी-रविवारी काय केलंत?" मी ती हकिगत सांगायला सुरुवात केली. मेंढ्या, दुष्काळ, मुलगा. तासाची वेळ संपली तरी माझी गोष्ट संपली नव्हती. बाई दाराशी थांबून म्हणाल्या, "मग मुलगा परत आला का?"